पट्टी सरकवणारी

मागच्या दिवाळीत नातीनं घरी एक डबा आणला. पुढून सगळ्या खुंट्याच खुंट्या, आणि मधून मधून वायरी खोचलेल्या, कोणी टेलिफोनचं पोट फाडून ठेवावं तशा. ती त्याला सिंथेसायझर म्हणते. सुटे भाग घेऊन स्वतः जुळवलाय म्हणे. "आजी, एकच बटन दाब," म्हणाली. मी दाबलं तर तीन सूर एकदम आले, भरलेले. मग तिनं एक खुंटी पिळली, तर तेच तीन सूर एक घर खाली उतरले. पोरीला वाटलं, म्हातारी आता तोंडात बोट घालते. मी म्हटलं, बाई, हे काम मी हातानं केलंय, सात वर्षं, आणि माझा डावा खांदा अजून दुखतो. ती हसली. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही, नुसतं पडून राहावंसं वाटलं.

या वयात जुनं आठवायचा मला कंटाळा येतो. लोकांना फार हौस असते, आठवणी सांगा, आठवणी सांगा. अरे, आठवणीत काय लाडू ठेवलेत? पण हे एक कोणाला सांगितलं नव्हतं, म्हणून लिहून टाकते.

आम्ही पांढुर्ण्याचे. बाबा शाळेत मराठी शिकवायचे. माय, बाबा, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी ताई आणि मी, एवढंच घर. देश स्वतंत्र झाला तेव्हा शाळेच्या पटांगणात झेंडा लागला, आणि ताईला, नऊ वर्षांच्या पोरीला, टेबलावर उभं करून गायला लावलं. मी सहा वर्षांची, खाली धुळीत बसलेली. गाणं कोणतं होतं ते आठवत नाही, पण कापसाच्या गाड्या घेऊन आलेले लोक बैल तसेच उभे ठेवून कुंपणाशी आले होते, ते आठवतं. सौसरचे मामा त्या दिवशी आमच्याकडे होते. त्यांची संत्र्याची बाग होती आणि जीव सगळा गाण्यात. पुढच्याच महिन्यात त्यांनी नागपूरहून एका मोडलेल्या नाटक मंडळीची पेटी उचलून आणली. ताई गाईल, धाकटी वाजवेल, असं त्यांनीच ठरवून टाकलं. मला कोणी विचारलं नाही. धाकट्यांना विचारायची पद्धत आमच्याकडे नव्हती.

ती पेटी म्हणजे एक प्रकरण होतं. नाटकवाल्यांसाठी केलेली, कारण त्यांचा एक नट वरच्या सुरात गाणार, दुसरा खालच्या. म्हणून तिचा पट्ट्यांचा अख्खा पाट डावी-उजवीकडे सरकायचा. गळा बसला असेल तर पाट एक घर डावीकडे ढकला, बोटं तीच ठेवा, सूर आपोआप खाली. पुढून पाच खुंट्या होत्या, प्रत्येकीचा एक सूर. काळी पाचची खुंटी ओढली की काळी पाचचा सूर आपला आपण वाजत राहायचा, भाता हलता ठेवला म्हणजे झालं. आणि बाजूला एक खटका होता, कपलर. तो लावला की एक पट्टी दाबली तर तिच्या वरच्या सप्तकातली पट्टी कोणी भूत दाबल्यासारखी आपोआप खाली जायची. म्हणजे ओढलेल्या खुंटीचा धरून एका बोटाला तीन सूर. खोली भरून जायची. फक्त कपलर लावला की पट्ट्या जड होतात आणि भात्याला वारा जास्त लागतो. दहा वर्षांच्या पोरीचा हात तो, किती पुरणार.

शाळेतल्या त्या गाण्यानंतर दोन वर्षांनी ताईला मोतीझिरा झाला, आता टायफॉइड म्हणतात तो. एकवीस दिवस ताप. माय जामसांवळीच्या मारुतीला नवस बोलून आली होती, त्यानं पोर ठेवली. पण कान घेतले. सगळे नाही घेतले. समोर बसून बोललं की तिला कळायचं, अर्धं कानानं, अर्धं ओठांवरून. मागून हाक मारली तर काही नाही. शाळेत गुरुजी फळ्याकडे तोंड करून बोलायचे, म्हणून शाळा सुटली. बाबांनी घरी शिकवलं. आम्ही घरचे तिला हाक मारत नव्हतो, जाऊन खांद्याला हात लावायचो. बाहेरच्यांना माय सांगायची, मोठी जरा अबोल आहे.

गळा मात्र तसाच राहिला. आजारातून उठल्यावर तो अजूनच गोड झाला, असं सगळे म्हणायचे. आणि खरंच झाला होता.

त्यात काय गडबड झाली ते पहिल्यांदा मला कळलं, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. घरात तीसेक बाया. ताई गायला बसली, मी पेटीवर. पहिलं कडवं ठीक गेलं. दुसऱ्या कडव्यात मला एकदम वाटलं की माझं बोट चुकलं. खाली पाहिलं तर बोट बरोबर. चुकली होती ताई. पूर्ण अर्धा सूर खाली उतरली होती आणि तिथेच, त्या खालच्या जागी, एकदम खणखणीत गात होती. तिला पत्ताच नव्हता. बायांमध्ये एक-दोघी एकमेकींकडे बघू लागल्या. मला काय सुचलं देव जाणे. ताईनं श्वास घेतला, तेवढ्यात मी भात्यावरचा हात काढला, पाट एक घर डावीकडे ढकलला, काळी पाचची खुंटी आत दाबली, तिच्या लगेच खालची, पांढरी सहाची ओढली आणि पुन्हा भाता धरला. भात्यात दोन मात्रांचा दम राहतो. तेवढ्यात झालं. ताई आणि पेटी पुन्हा एका जागी आल्या. बायांनी माना डोलावल्या.

मला तेव्हा इतका आनंद झाला होता, काय सांगू. वाटलं, आपण किती हुशार. बाया गेल्यावर माय स्वयंपाकघरात तिळाचे लाडू डब्यात भरत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "असंच करत जाय. अन् तिले सांगू नोको."

मी विचारलं, काहून? तर म्हणाली, तिच्यापाशी आता तेवढंच राहिलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मग सुरू झालं. गणपतीत, कोजागिरीला, कोणाच्या बारशाला, शाळेच्या संमेलनात, कुठेही ताई गाणार आणि मी तिच्या मागे सरकत जाणार. सुरुवातीला एका गाण्यात एकदा सरकावं लागायचं. मग दोनदा. ती चौदा-पंधरा वर्षांची झाली तोवर काळी पाचला सुरू केलेलं गाणं संपेपर्यंत पांढरी पाचवर यायचं. कुठल्या ओळीला ती घसरते ते मला पाठ झालं होतं. ती श्वास कसा घेते, हनुवटी कशी उचलते, त्यावरून मला आधीच कळायचं. कपलर कायम लावलेला, म्हणजे आवाज मोठा राहील आणि पाट सरकल्याचा खट आवाज त्यात बुडून जाईल. लोक ताईकडे बघायचे. पेटीवाल्याकडे कोण बघतो? बाबासुद्धा डोळे मिटून ऐकायचे. त्यांना वाटायचं, देवानं एका हातानं नेलं अन् दुसऱ्या हातानं दिलं.

आणि ताईला वाटायचं, मी गाते. का नाही वाटणार? सगळं गाव सांगत होतं. तिला शिवण येत नव्हतं, चारचौघांत बोलता येत नव्हतं, जत्रेत एकटी गेली तर मागून येणारी बैलगाडी कळत नव्हती. पण गायला बसली की पाठ अशी ताठ व्हायची, की ही दुसरीच कोणी आहे असं वाटावं.

ती सतरा वर्षांची झाली आणि पाहुणे येऊ लागले. आमचे सगळे सोयरे खाली, नरखेड, काटोल, वरूड, नागपूर. त्या काळी मुलगी बघायला आले की पोहे, संत्री, सुपारी, आणि मग, "गाणं येतं का?" आमच्याकडे तर हा प्रश्न विचारायच्या आधीच बाबा पेटी मांडायचे. तोच त्यांचा हुकमाचा पत्ता. ताई खाली मान घालून बसायची, प्रश्नांची उत्तरं माय द्यायची, आणि प्रश्न संपायच्या आत गाणं सुरू करायचं, असा आमचा बेत. गाणं एकच. मायनं शिकवलेलं मारुतीचं एक पद. ते मी इतक्यांदा वाजवलं, की मला त्याचा वीट आला. मारुतीला माहीत आहे, मी खोटं बोलत नाही.

ताईला दाखवण्यात दोन वर्षं गेली. गळ्याला कोणी नाव ठेवलं नाही. कोणी म्हणे रंग, कोणी म्हणे पत्रिका, कोणी नुसतंच, कळवतो. आणि मधेच ते राज्यांचं झालं. नागपूर गेलं मुंबईच्या राज्यात, आम्ही राहिलो मध्यप्रदेशात, आणि आमची राजधानी नागपूरहून उठून भोपाळला गेली. गाडीत बसलं की दोन-तीन ठेसनांवर काटोल, पण ते आता दुसरं राज्य. बाबांच्या शाळेचे कागद हिंदीत येऊ लागले. पाहुण्यांना एक नवीन कारण सापडलं. मुलगा नोकरीत आहे, त्याला उद्या पुण्याकडे टाकतील, तुमची मुलगी तिकडची. बाबा एकदा चिडून म्हणाले होते, तिकडची म्हणजे कुठली? मी आहे तिथंच बसून आहे, सरहद्द माझ्या अंगणातून गेली, त्याले मी काय करू? पण पाहुण्यांसमोर नाही. पाहुणे गेल्यावर, पोह्यांच्या रिकाम्या बश्यांसमोर.

मी थकले होते. सोळा वर्षांची होते आणि म्हातारीसारखी थकले होते. मोठी उजवल्याशिवाय धाकटीचं नाव निघत नाही, तेही होतंच, पण खरं सांगते, लग्नाची मला घाई नव्हती. मला फक्त पेटीपासून सुटका पाहिजे होती. नरखेडचे एक पाहुणे आले होते तेव्हा दुसऱ्या कडव्याला माझ्या मनात आलं, आज नाही सरकत. होऊ दे काय व्हायचं ते. हात भात्यावर घट्ट धरून ठेवला. ताईनं हनुवटी उचलली, आणि माझा हात गेलाच. त्या दिवशी मला तिचा राग आला, आणि राग आला याची लाज वाटली. ताईनं रात्रीच्या जेवणाला आपल्या पानातला गूळ माझ्या पानात टाकला. तू छान वाजवलं आज, म्हणाली.

मग मोहगावचे आले. मुलाचे वडील आणि आत्या. मोहगाव आपल्याच तालुक्याच्या वाटेवर, आपल्याच राज्यात, म्हणजे ते सरहद्दीचं तुणतुणं नाही. मुलगा शाळेत मास्तर. आत्या मोठी बोलकी होती, तिच्या एकटीच्या बोलण्यात ताईचं अबोल असणं कोणाला दिसलंच नाही. गाणं झालं आणि आत्यानं पदरानं डोळे पुसले. म्हणाली, आमचा पोरगा गाण्याचा वेडा आहे, त्याले गाणारीच पाहिजे, आता फक्त तो येऊन ऐकून जाईल म्हणजे झालं. बाबांनी त्या दिवशी किती दिवसांनी पान खाल्लं. साक्षगंध कोणत्या महिन्यात धरायचं इथपर्यंत गोष्ट गेली.

आठ दिवसांनी मुलगा आला, आत्याला घेऊन. उंच, शांत, बोटं लांब. बसल्या बसल्या त्यानं पेटीकडे बघून विचारलं, ही सरकत्या पाटाची ना? मोहगावच्या भजनात तोच पेटी वाजवायचा, हे आत्यानं तेव्हा सांगितलं. बाई, आधी सांगायला तुझं काय गेलं होतं?

मी पेटीला चिकटून बसले. पोहे झाले, संत्री झाली, मी उठले नाही. माय दारातून मला खुणा करत होती, बसून राहा म्हणून. तर तोच हसून, अगदी अदबीनं म्हणाला की तुम्ही रोजच वाजवता, आज मी वाजवतो, त्यांचा सूर मला बोटांत घेऊ द्या. बाबा तर खूश. जावई पेटीवर, मुलगी गाणार, त्यांना आणखी काय पाहिजे. मला म्हणाले, ऊठ ना, अशी काय बसून राहिली? मी उठले. काय सांगणार होते? मायशेजारी दाराला टेकून उभी राहिले.

त्यानं खुंट्या नीट पाहिल्या, काळी पाच ओढली, कपलर काढून टाकला आणि हलक्या हातानं सूर धरला. हात फार चांगला होता. ताईनं त्याच्याकडे एकदा पाहिलं, आणि डोळे मिटून गायला लागली. पहिलं कडवं इतकं सुरेख झालं, की क्षणभर मला वाटलं, आज मारुती पावतो.

दुसऱ्या कडव्याला तिनं हनुवटी उचलली आणि उतरली. त्याचं बोट जागच्या जागी थबकलं. त्याला वाटलं असेल, घाबरली. त्यानं षड्ज जोरात दाबून तिला दाखवला, मग कपलर लावला, मग पंचमही धरला, म्हणजे सगळी खोली त्या सुरानं भरली. आम्ही दाराला टेकलो होतो तर दार गुणगुणत होतं. आणि ताई त्या सगळ्याच्या अर्धा सूर खाली, आनंदानं, ताठ पाठीनं गात होती. तिसऱ्या कडव्यात ती अजून खाली गेली. आत्याचा हात गालाशी गेला. बाबांनी डोळे उघडले.

त्यानं पेटी थांबवली. ताई थांबली नाही. तिला कळलंच नाही पेटी थांबल्याचं. तिनं ते कडवं पुरं म्हटलं, शेवटची ओळ दोनदा घेतली, जशी नेहमी घ्यायची. कोणी हललं नाही. मीच जायला पाहिजे होतं तिच्या खांद्याला हात लावायला. मी दारालाच टेकून राहिले.

तिनं डोळे उघडले तर त्याचे दोन्ही हात मांडीवर. तो घाईनं म्हणाला की भात्यात काही बिघाड झाला वाटते. भला माणूस. पण ताईनं सगळ्यांची तोंडं पाहिली होती. ती सरकत पुढे आली, पेटीच्या लाकडावर एक हात ठेवला, दुसऱ्या हातानं भाता दाबला, आणि कोपरानं एक पट्टी. पेटी वाजली. लाकूड थरथरलं, हाताला कळलं तिला. मग तिनं मान वळवून सरळ माझ्याकडे पाहिलं, आणि उठून आत गेली.

पाहुणे निघाले तेव्हा तो हात धुवायला म्हणून विहिरीकडे आला. मी तिथं तांब्या घेऊन उभी होते. हळूच म्हणाला, "पाटाखालचं पितळ घासून घासून पांढरं झालं. तुम्ही सरकवत होत्या."

मी मान हलवली.

"किती वर्षं?"

"सात."

त्यानं हात पुसले. "असा हात मी पाहिला नाही," म्हणाला. "पण तुम्ही हे चांगलं नाही केलं."

सात वर्षांत ते सरकवणं ओळखून कौतुक करणारा तो पहिला माणूस, आणि त्यानंच हे म्हणावं. तांब्या तिथंच ठेवून मी गोठ्यामागे जाऊन रडले.

घरात मग जे व्हायचं ते झालं. बाबा मायवर असे कधी ओरडले नव्हते. माय म्हणाली, पोरीचं बरंच पाहिलं ना मी, वाईट तर नाही पाहिलं. बाबा म्हणाले, या घरात ती नाही, बहिरा मी होतो. ताई चार दिवस कोणाशी बोलली नाही. जेवायची, भांडी घासायची, पण समोर उभं राहिलं तर नजर खाली घालायची, म्हणजे ओठ दिसायला नकोत.

पाचव्या दिवशी मोहगावहून पत्र आलं. मुलानं स्वतः लिहिलेलं. आत्याची थोडी कुरकुर आहे, पण मला मुलगी चालते, ऐकू कमी येत असेल तर मी समोर बसून बोलीन. मात्र होकार मुलीनं स्वतः द्यावा, कोणी तिच्या वतीनं देऊ नये. बाबांनी ते पत्र ताईच्या हातात दिलं आणि छत्री घेऊन शाळेत निघून गेले.

दुपारी मी धान्य निवडत होते. माझ्याच खांद्याला हात लागला. ताई. म्हणाली, पेटी काढ.

मी काढली. ती समोर बसली, अशी जवळ, की माझा श्वास तिला लागावा.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"मोतीझिऱ्यापासून."

मग म्हणाली, खुंट्या साऱ्या बंद कर, कपलर काढ, नुसता एक सूर दे. अन् मी उतरली की सांग. तिनं उजवा हात पेटीच्या लाकडावर दाबून धरला आणि पहिली ओळ गायली. दुसऱ्या ओळीला घसरली. मी म्हटलं, उतरली. तिनं पुन्हा सुरू केलं. पुन्हा उतरली. मी सांगितलं. पुन्हा. माझ्या तोंडाला तो शब्द कडू लागत होता, पण मी सांगत गेले, कारण सात वर्षांत पहिल्यांदा तिनं मला काही मागितलं होतं. ती डोळे मिटत नव्हती, माझ्या ओठांकडे बघत गात होती. पाच वेळा, सहा वेळा. घामानं तिच्या केसांच्या बटा कपाळाला चिकटल्या. सातव्या वेळेला ती दुसऱ्या ओळीतून पार गेली. खरंच गेली, सुरात. तिनं भुवया वर करून मला विचारलं आणि मी जोरात मान हलवली, हो, हो. तिच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला लिहिता येत नाही.

तिसऱ्या ओळीला तिनं हनुवटी उचलली.

मी माझ्या हाताला सांगितलं नव्हतं. मी शपथेवर सांगते, नव्हतं सांगितलं. डावा हात आपला आपण भात्यावरून सुटला आणि त्यानं पाट एक घर डावीकडे ढकलला.

ताईनं पट्ट्या सरकताना पाहिल्या. गाणं थांबलं. तिनं माझं मनगट धरलं, जोरात नाही, लहान पोराच्या हातातून सुरी काढून घेतात तसं, आणि माझा हात उचलून माझ्याच मांडीवर ठेवला.

"तू मले एकदा तरी पडू द्यायचं होतं," ती म्हणाली. "तेव्हा पडली असती तं सावरली असती. आता मी कुठून सावरू?"

मी तिच्या पायाशी वाकले. तिनं पाय मागे घेतले. संध्याकाळी बाबा आले तेव्हा त्यांना म्हणाली, मोहगावले हो म्हणून कळवा, अन् मी गाणार नाही, हेही लिहा. बाबांनी दोन्ही लिहिलं.

तिचा संसार चांगला झाला. नवरा शेवटपर्यंत समोर बसून बोलला. दोन मुलं, एक मुलगी, घरची संत्र्याची झाडं. तिनं पुन्हा कधी गायलं नाही, मुलांना निजवतानाही नाही. मायला तिनं माफ केलं, मायचं शेवटचं दुखणं तिनंच काढलं. तिच्या मुलीनं मला सांगितलं, की बाबा रोज तिन्हीसांजेला पेटी वाजवतात आणि आई लाकडावर हात ठेवून जवळ बसते. मी ते कधी पाहिलं नाही. मी मोहगावला गेले की ताई मला अंगणातच थांबवायची. आधी पेटी उचलून आत नेऊन ठेवायची, खोलीला कडी लावायची, आणि मग दारात येऊन मला ये म्हणायची.